रिफ्टन ते सॉलिट्यूड, पायी

स्कायरिम या व्हिडिओ गेमच्या नकाशात रिफ्टन हे शहर आग्नेय कोपऱ्यात आहे आणि सॉलिट्यूड वायव्येला, समुद्राच्या तोंडावर. यंदाच्या पावसाळ्यात मी हे अख्खं अंतर पायी काटलं. घोडा घेतला नाही, शहरांच्या वेशीबाहेर उभ्या असलेल्या घोडागाड्यांत बसलो नाही, आणि नकाशावर क्लिक करून थेट मुक्कामी पोचायची सोय तर बंदच ठेवली होती. मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो. जुलै लागला की येऊरची डोंगररांग दिवसदिवस ढगात असते आणि माझ्या आवडीच्या घाटवाटा निसरड्या होतात. अशा दिवसांत भटकायची हौस भागवायला या खेळाइतकी चांगली जागा मला अजून सापडलेली नाही.

खेळ जुना आहे. ‘द एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतला हा पाचवा भाग बेथेस्डाने ११ नोव्हेंबर २०११ रोजी आणला. ड्रॅगन परत आलेत, त्यांचा आत्मा शोषून घेण्याची शक्ती तुमच्यात आहे, आता जग वाचवा, अशी मुख्य कथा. कथा ठीकठाक आहे. अनेकांनी ती संपवली आणि खेळ बाजूला ठेवला, याची मला मनापासून हळहळ वाटते, कारण खेळातली खरी श्रीमंती त्या कथेच्या वाटेवर नाही. २०१७ मध्ये त्यात सर्व्हायव्हल मोड आला. तो लावला की थंडीने जीव कमी होतो, भुकेने दम कमी होतो आणि झोप झाली नाही की जादूची ताकद उतरते. बाणांनासुद्धा वजन येतं. लेव्हल वाढवायची तर कुठेतरी पाठ टेकून झोपावंच लागतं. या मोडमध्ये स्कायरिम प्रवासाचा मुलूख होतो, आणि मग त्याचं काय उत्तम आहे आणि काय कच्चं आहे हे लख्ख दिसतं.

आधी आकाराबद्दल सांगतो. हा सगळा प्रांत, नऊ परगणे, बर्फाचे डोंगर, दलदल, समुद्रकिनारा धरून, साधारण ३७ चौरस किलोमीटरचा मानला जातो. आमच्या शेजारचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे येऊर ते बोरिवली एवढ्या जंगलाच्या साधारण एक तृतीयांशात हा अख्खा देश मावतो. तरी चालताना तो एवढासा वाटत नाही, आणि हे काम ज्यांनी केलं त्यांची कमाल वाटते. त्यांनी डोंगर नेमके अशा जागी उभे केलेत की पुढचा मुलूख खिंड ओलांडल्याशिवाय दिसत नाही. रस्ता सरळ कधीच जात नाही. वळण आलं की काहीतरी समोर येतं: पडका बुरूज, कोणाची तरी विझत आलेली शेकोटी, नाहीतर नुसतीच धुक्यातून वर आलेली दगडी कमान. घाटात चाललेल्या माणसाला ही युक्ती लगेच ओळखू येईल.

रिफ्टनहून निघालो तेव्हा सकाळ होती. होनरिक तळ्याच्या काठाने जाताना दोन्ही बाजूंना बर्चची झाडं, पानं पिवळी आणि केशरी. स्कायरिममध्ये ऋतू बदलत नाहीत, मुलूख बदलतो. रिफ्टनच्या परगण्यात कायमची पानगळ आणि विंटरहोल्डकडे कायमचा बर्फ. जेरेमी सोलचं संगीत इथे इतकं हळू येतं की ते कधी सुरू झालं ते समजत नाही. फाट्याफाट्यावर लाकडी पाट्या आहेत, त्यावर गावांची नावं कोरलेली असतात आणि ती बरोबर असतात. मी स्क्रीनवरचे वाट दाखवणारे सगळे मार्कर घालवले होते आणि या पाट्यांच्याच भरवशावर आयव्हरस्टेड गाठलं.

पण मार्कर घालवल्यावर या खेळाची एक मोठी उणीव उघडी पडते. याच मालिकेतल्या २००२ च्या मॉरोविंडमध्ये लोक तुम्हाला वाट सांगायचे: अमुक पुलापर्यंत जा, मग नदी सोडून टेकडीकडे वळा. ते वहीत लिहिलं जायचं आणि तुम्ही ते वाचत वाचत शोधत जायचात. २००६ च्या ऑब्लिव्हियनमध्ये होकायंत्रावर बाण आला आणि स्कायरिमने तोच चालू ठेवला. बाण असल्यावर वाट सांगायची गरज उरली नाही, म्हणून लेखकांनी ती लिहिलीच नाही. कामाच्या वहीत ‘अमक्या गुहेतून तलवार आण’ एवढंच असतं. गुहा कुठल्या डोंगरात, कुठल्या ओढ्याच्या वर, याचा पत्ता नाही. येऊरमध्ये पाटोणापाड्यापाशी कुणालाही वाट विचारा. तो माणूस आधी झाड सांगेल, मग ओढा, मग चढ कुठे लागतो ते सांगेल, आणि ते ऐकताना जंगल डोळ्यापुढे उभं राहतं. एवढा देखणा मुलूख घडवल्यावर त्यातल्या माणसांना आपल्याच मुलखाचं वर्णन करता येऊ नये, हे मला फार लागतं.

आयव्हरस्टेड हे डोंगराच्या पायथ्याचं छोटं गाव. वर हाय ह्रॉथगार नावाचा मठ आहे आणि तिथवर सात हजार पायऱ्या आहेत असं गावकरी सांगतात. गावातला क्लिमेक मठातल्या साधूंसाठी शिधा वर नेतो. वय झालंय, चढ झेपत नाही, म्हणून पिशवी तुमच्याकडे देतो. ही पिशवी घेऊन वर जाणं हा माझ्या मते अख्ख्या खेळातला सगळ्यात सुंदर प्रवास आहे. पायऱ्या प्रत्यक्षात सात हजार नाहीत, मोजणाऱ्यांना त्या हजाराच्या आतच भरल्यात. पण त्या डोंगराला वेढे घेत जातात, मध्येच बर्फाखाली गडप होतात, पुन्हा वर येतात. वाटेत दहा कोरीव शिळा लागतात. ड्रॅगनांच्या राज्यात माणसं कशी भरडली, मग त्यांना आवाजाची विद्या कशी मिळाली, आणि या साधूंचा आद्यगुरू युर्गेन विंडकॉलर याने हरलेल्या युद्धानंतर या विद्येचं काय केलं, हे त्या शिळांवर थोडक्यात लिहिलंय. वाचायला थांबलं की थंडी वाढत जाते, न थांबता गेलं तर गोष्ट हुकते. एके ठिकाणी खडकांमागून पांढरा ट्रोल, म्हणजे एक केसाळ राक्षसी जनावर, अंगावर येतो. त्याच्याशी भिडायला दम लागतो आणि दम ठेवायचा तर पायथ्याला पोटभर खाऊन निघावं लागतं. मुंब्रादेवीच्या पायऱ्या मी लहानपणापासून चढतोय. खाली रुळांवरून जाणारी लोकल लहान होत जाते आणि खाडी रुंद होत जाते, तेव्हा आपण किती वर आलो ते कळतं. हाय ह्रॉथगारच्या वाटेवरही हीच जाणीव मिळते, नुसत्या पडद्यावर. मठाबाहेरच्या पेटीत पिशवी ठेवली की काम झालं. मोठं बक्षीस मिळत नाही, आणि ते बरोबरच आहे.

पुढे ईस्टमार्चमध्ये उतरलो. गरम पाण्याची कुंडं, पिवळट वाफ आणि मॅमथ राखणारे राक्षस. हे राक्षस आपणहून वाटेला जात नाहीत. तुम्ही जवळ गेलात की आधी सोटा उगारून इशारा देतात, दूर झालात की पुन्हा कळपाकडे वळतात. दुर्दैवाने अशी समज खेळातल्या दुसऱ्या फार थोड्यांना आहे. व्हाइटरनच्या अलीकडे नदीच्या दोन्ही तीरांवर व्हाल्थाइमचे बुरूज आहेत, मध्ये दगडी पूल. तिथे एक लुटारू दोनशे मोहरा टोल मागते. प्रसंग छान लिहिलाय. पण तुम्ही ड्रॅगनच्या हाडांचं चिलखत घालून, ड्रॅगन मारून आलेले असलात तरी ती तेवढ्याच मोहरा त्याच सुरात मागते आणि नाही म्हटलं की तशीच धावून येते. लढाईही पोकळ आहे. तलवार लागल्याचा हिसका हाताला जाणवत नाही, आणि ऐन मारामारीत पिशवी उघडली की काळच थांबतो. मग पाच औषधं घटाघटा पिऊन पुन्हा सुरू करा.

व्हाइटरन फार लांबून दिसतं. माळावर एकुलती एक टेकडी, तिच्यावर शहर, आणि शहराच्या माथ्यावर ड्रॅगन्सरीच हा सरदाराचा वाडा. त्याच्याकडे बघत चालणं सुंदर. वेशीत शिरलं की मात्र आधी लोडिंगचा पडदा येतो आणि मग कळतं की हे शहर म्हणजे मूठभर घरं आहेत. दुकानं संध्याकाळी बंद होतात, लोक घरी जातात, जेवतात, झोपतात. ही दिनचर्या २०११ मध्ये मोठीच गोष्ट होती आणि मला ती आजही आवडते. पण थोड्याच कलाकारांचे आवाज गावोगाव वाटलेत, त्यामुळे रिफ्टनच्या लोहाराशी बोलताना व्हाइटरनचा शिपाई ऐकू येतो. गुडघ्यात बाण लागल्याची शिपायांची ती हकिगत तर दर वेशीवर भेटते. शिपाई तुमच्या एखाद्या पराक्रमाचा उल्लेख करतात, नाही असं नाही, पण गावकऱ्यांशी नातं त्यापुढे सरकत नाही.

व्हाइटरनच्या मुक्कामात माझी भाची घरी आली होती. ती ‘द विचर ३’ खेळते. माझं चालणं थोडा वेळ पाहून म्हणाली, “मामा, तू नुसता चालतोयस. गोष्ट कुठाय?” मी म्हटलं, “चालणं हीच गोष्ट आहे गं.” तिला ते पटलं नाही, आणि तिचं म्हणणं खोटंही नाही. २०१५ च्या त्या खेळात वेलनच्या बॅरनची हकिगत आहे. त्यात तुम्ही एका ठिकाणी घेतलेला निर्णय एका घराचं आणि एका गावाचं काय होतं ते ठरवतो, आणि माणसं खरी वाटतात. स्कायरिममध्ये अख्खं यादवी युद्ध जिंकलं तरी झेंडे आणि सरदार बदलतात, बाजारातला भाजीवाला तसाच. पण विचरचा नकाशा प्रश्नचिन्हांनी भरलेला असतो आणि मी त्यात एका चिन्हाकडून दुसऱ्याकडे पळत राहतो. तिथे मला एखाद्या वळणावर विनाकारण थांबावंसं वाटत नाही. भाचीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “मग दोघांना मिळून एक खेळ करायला सांग.” यावर आमचं एकमत झालं.

रोरिकस्टेडपर्यंतचा माळ मी भराभर काटला, तिथे पाहण्यासारखं कमी आहे. मग उत्तरेला वळून ड्रॅगन ब्रिज. कार्थ नदीवरचा जुना दगडी पूल, कमानीवर ड्रॅगनच्या कवटीचं शिल्प. इथे रात्र झाली. या खेळातला एक दिवस आपल्या घड्याळाने ७२ मिनिटांत संपतो, तेव्हा उजेड गाठायचा तर दिवसाचा हिशोब ठेवूनच निघावं लागतं. आकाशात हिरवे ध्रुवीय प्रकाश उतरले होते. ते पाहण्यासाठी मी पुलावर थांबलो आणि गारठून खानावळीत गेलो.

सॉलिट्यूड समुद्रावर झुकलेल्या नैसर्गिक दगडी कमानीवर वसलंय. पहिल्यांदा वेशीतून आत गेलं की समोर चौथऱ्यावर एका माणसाचा शिरच्छेद चाललेला असतो. रॉगव्हिर त्याचं नाव. राजाला मारून निघालेल्या बंडखोर उल्फ्रिकसाठी याने वेस उघडली, हा आरोप. गर्दीत एक छोटी मुलगी बापाला विनवते, मामांनी काही केलं नाही, हे त्यांना सांगा ना. इतक्या लांबून चालत आल्यावर हे दृश्य अंगावर येतं. आणि मग काही क्षणांत गर्दी पांगते, लोक दुकानांत जातात, तीच वाक्यं बोलू लागतात. एवढं ताकदीचं दृश्य लिहिणाऱ्यांना त्या शहराच्या पुढच्या दिवसांवर त्याची सावली पाडता आली असती. ती पाडली नाही, ही माझी या खेळाविरुद्धची सगळ्यात मोठी तक्रार आहे.

कुणाला ही वाट करायची असेल तर सर्व्हायव्हल मोड सुरुवातीपासूनच लावा, पण मार्कर आयव्हरस्टेडपर्यंत ठेवा, पाट्या वाचायची सवय झाली की घालवा. उबदार कपडे आणि गरम सूप जवळ ठेवा, बर्फाच्या भागात पाण्यात उतरू नका, आणि लुटीतलं जड सामान रस्त्यात सोडून द्यायला शिका. पीसीवर खेळत असाल तर हौशी लोकांनी केलेले दुरुस्तीचे मॉड घ्या, कारण मूळ खेळातले बरेच बग अजून तसेच आहेत. पश्चिमेची मार्कार्थची वाट पहिल्या खेपेला नको, दर दरीत फोर्सवॉर्नच्या टोळ्या बसलेल्या असतात. माझी पुढची खेप तिकडेच आहे, दिवाळीच्या सुट्टीत.