बेअर क्रीकचे दगड, आमच्या पोरी आणि मी

पेनसिल्व्हेनियाला माउंटन बाइकवाले रॉकसिल्व्हेनिया म्हणतात, आणि का म्हणतात ते बेअर क्रीकच्या जंगलात शिरल्यावर दहा मिनिटांत हाताच्या मनगटांना कळतं. दगड म्हणजे साधे नाहीत, बत्त्यापासून पाट्यापर्यंत सगळ्या मापाचे, अर्धे जमिनीत रुतलेले, अर्धे सुटे, आणि मधून झाडांची मुळं. जुलै 2024 मधली यूएसए सायकलिंगची, म्हणजे अमेरिकेच्या सायकलिंग संघटनेची, माउंटन बाइक नॅशनल्स (राष्ट्रीय स्पर्धा) इथेच होती, आदल्या वर्षीही इथेच झालेली. आमच्या ग्रुपमधल्या काही मुली त्यांच्या वयोगटात उतरणार होत्या आणि त्यांची कोच म्हणून मी जाणारच होते, मग म्हटलं जातेच आहे तर आपणही नंबर लावू.

न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनहून बेअर क्रीक साधारण दीड तास. 287 वरून 78 ला लागायचं, फिलिप्सबर्गपाशी डेलावेअर नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनिया सुरू, मग ईस्टन, बेथलहेम, ॲलनटाउन आणि तिथून आत वळून मकंजी. मागे रॅकवर सायकली, गाडीत मुली, टूलबॉक्स, कुलर आणि एका आईने पहाटे उठून केलेली थालीपिठं. हा सगळा भाग खरं तर सायकलवाल्यांचा. जवळच ट्रेक्सलरटाउनला 1975 पासूनचा वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचा गोल ट्रॅक, आहे, आणि शेजारच्या इमेयसमधून कितीतरी वर्षं सायकलिंगचं मासिक निघायचं. मुलींना म्हटलं, वेलोड्रोम बघूया का, तर त्यांना आधी कोर्स बघायचा होता. बरोबरच होतं त्यांचं.

बेअर क्रीक हिवाळ्यात स्की रिसॉर्ट असतं. डोंगर म्हणाल तर जेमतेम 500 फुटांचा, आमच्या साताऱ्यात गावातून अजिंक्यताऱ्यावर जायचं तर याच्याहून जास्त चढावं लागतं. पण इथे एकदा चढून भागत नाही, प्रत्येक लॅपला परत वर जायचं, तेही स्कीच्या उघड्या गवताळ उतारावरून, जुलैच्या उन्हात आणि अशा दमट हवेत की उभ्या जागी घाम गळतो. वर पोचून श्वास मिळतोय न मिळतोय तोच जंगलातली सिंगलट्रॅक, म्हणजे एका सायकलपुरती अरुंद वाट, सुरू होते, आणि तिथे डोकं शांत लागतं.

न्यू जर्सीत मी शाळकरी मुलांना शिकवते ते नायकाच्या लीगमध्ये. नायका म्हणजे नॅशनल इंटरस्कोलास्टिक सायकलिंग असोसिएशन, 2009 साली कॅलिफोर्नियात सुरू झाली, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे इथे बेंचवर कोणी बसत नाही, जो आला तो रेस करतो. प्रॅक्टिसला कोच मुलांबरोबर सायकल चालवतात, एक पुढे आणि एक सगळ्यात मागे, पण रेसमध्ये कोच नाही, रेस फक्त मुलांची. नॅशनल्सचं वेगळं आहे. यूएसए सायकलिंगचं लायसन्स काढा, आपला गट बघा आणि स्टार्टलाईनवर उभे राहा. वय धरतात ते 31 डिसेंबरला किती होणार ते, त्यामुळे मी अजून 44 ची असूनही 45 ते 49 च्या गटात.

खूप जणांनी विचारलं की कोचने स्वतः उतरायची गरज काय, मुलींकडे लक्ष कोण देणार. माझं मत उलटं आहे. टेपच्या बाहेर उभं राहून दगड बघता येतात, पण हार्टरेट 175 ला असताना तेच दगड कसे दिसतात हे बाहेरून कळत नाही. प्री-राइडला, म्हणजे रेसआधी कोर्स चालवून बघताना, आम्ही रॉक गार्डनमध्ये, त्या दगडांच्या पट्ट्यात, तासभर थांबलो, चालत गेलो, एकेक दगड पायाने हलवून बघितला, मग एकेक करून उतरलो. मधोमध एक कलती सपाट शिळा होती, तिच्यावरून सरळ गेलं तर सगळ्यात फास्ट, उजवीकडून थोडं वळून पण पकड चांगली, आणि त्याच्याही बाहेरून बी-लाईन, लांबची, बिनधोक. ताज्या पायांनी सगळ्यांना मधली लाईन जमली, ग्रुपमधली सगळ्यात धाकटी सोडून. तिने दोनदा सायकल आणून वरच थांबवली आणि मग बी-लाईननेच गेली. मी काही बोलले नाही.

माझी रेस आधी होती, मुलींची दुसऱ्या दिवशी. त्यामुळे फीड झोनमध्ये, म्हणजे रेस चालू असताना खाणंपिणं आणि दुरुस्तीसाठी आखलेल्या जागेत, माझ्या बाटल्या धरायला मुली! बाटलीत काय तर कोकम, साखर, मीठ आणि पाणी, मी लाँग राइडला हेच पिते, उन्हाळ्यात याच्यासारखं पोटाला मानवणारं दुसरं काही मला मिळालेलं नाही. खिशात राजगिऱ्याची चिक्की, कागद आधीच काढून. बाटली कशी द्यायची ते त्यांना मी शिकवलेलं, तळाशी दोन बोटांनी धरायची, रायडर जवळ आली की हात लांब करायचा, आणि झोनच्या रेषेबाहेर एक पाऊलही नाही.

कॉल-अप झालं, नावं पुकारली, मी दुसऱ्या ओळीत. शिट्टी वाजली आणि सगळ्याजणी त्या गवतावर अशा सुटल्या की ही मास्टर्सची, म्हणजे मोठ्या वयाच्या बायकांची, रेस आहे हे कोणाला सांगून पटलं नसतं. माझ्या शेजारी एक बाई होती, नंतर कळलं की ती कॉलेजात जाणाऱ्या दोन मुलांची आई आहे, ती चढावर इतकी एकसारखी पेडल मारत होती की मी तिच्या मागच्या चाकालाच चिकटले आणि पहिला लॅप तसाच काढला. दुसऱ्या लॅपला उतारावर हातांची वाट लागली, मनगटापासून कोपरापर्यंत दगडासारखे कडक, ब्रेकवरचं बोट उघडेना. आणि तेव्हाच एक कळलं, रॉक गार्डनच्या आधी डावं वळण झाल्यावर दहाएक मीटर सपाट मातीचा पट्टा आहे. तिथे बोटं सोडून एकदा पूर्ण झटकायची, एक खोल श्वास घ्यायचा, मग आत शिरायचं. प्री-राइडला आमच्यापैकी कोणाचंच तिकडे लक्ष गेलं नव्हतं कारण गरजच पडली नव्हती.

शेवटच्या लॅपला फीड झोनमध्ये आले तर आमच्यातली मराठी शाळेत जाणारी मुलगी बाटली घेऊन उभी, इतर सगळ्या मला कोच म्हणतात पण हिची आई माझी मैत्रीण म्हणून हिची मी मावशी. बाटली हातात देता देता ती ओरडली, "मावशी, मधून नको जाऊ, दगड ओला झालाय, सगळ्या पडतायत! उजवीकडून जा!" एरवी मराठी बोल म्हटलं की तोंड वाकडं करणारी पोरगी. पुढच्या रायडरच्या बाटलीतलं पाणी सांडलं होतं की वरच्या झऱ्याचं चाकांनी आणलं होतं कोण जाणे, पण शिळा चकचकत होती आणि माझ्या पुढची एकजण तिथेच आडवी झालेली. ती ठीक आहे ना विचारलं, तिने अंगठा दाखवला, मी उजवीकडून उतरले. शेवटच्या चढावर पाचव्या नंबरवरच्या बाईची पाठ दिसत होती. इथे पोडियमवर पाचजणी उभ्या करतात. ती पाठ मला गाठता आली नाही, आणि ते मला अजूनही लागतंय.

फिनिशला पोचून सायकल गवतावर टाकली तोपर्यंत मुली धावत आल्या आणि पहिला प्रश्न, टायरमध्ये हवा किती होती? अभिनंदन नंतर. मला त्याचा इतका आनंद झाला म्हणून सांगू. तिथेच बसून सगळं सांगितलं, तो सपाट पट्टा, बोटं झटकणं, चढावर पहिल्या लॅपला कोणाच्या मागे लागायचं आणि कधी सोडायचं.

रात्री विजा, गडगडाट, धो धो पाऊस. सकाळी जंगल ठिबकत होतं. टायरमधली हवा आणखी थोडी कमी केली, धाकटीला 17 पीएसआय, ती वजनाने हलकी. आता बाटल्या माझ्या हातात. धाकटीने मला विचारलं, सगळे लॅप बी-लाईनने गेले तर चालेल का? मी म्हटलं, तुझी रेस आहे, पण ठरवशील ते आत शिरायच्या आधी ठरव, दगडावर पोचल्यावर नाही. आणि तिने तेच केलं, प्रत्येक लॅपला बी-लाईन, न थांबता, न घाबरता, आणि मधल्या लाईनवर पोरी पटापट घसरत असताना ही आपली बाहेरून फिरून दर लॅपला दोन-तीन जणींना मागे टाकत गेली. तिची आई माझ्याशेजारी उभी होती, आदल्या संध्याकाळपर्यंत "दात पडले तर" एवढंच बोलणारी, ती फीड झोनमध्ये दुसऱ्यांच्या पोरींनाही नावं वाचून ओरडत होती. मराठी शाळेवालीची चेन चढावर उतरली, तिने उतरून स्वतः चढवली आणि दात ओठ खाऊन परत निघाली. तिचा नंबर घसरला, पण चेन चढवायला तिला किती कमी वेळ लागला हे मी घड्याळात बघितलंय आणि तिला ते सांगितलंय.

पुढच्याच आठवड्यात, 28 जुलैला, पॅरिस ऑलिंपिकची महिलांची रेस होती, आमच्याकडे न्यू जर्सीत सकाळी आठच्या सुमाराला. सगळ्या मुली माझ्या घरी, पोहे आणि टीव्ही. फ्रान्सची पॉलिन फेरां-प्रेव्हो पुढे निघून गेली ती गेलीच, पण हेली बॅटनने रौप्य घेतलं, माउंटन बाइकमध्ये अमेरिकेला ऑलिंपिकचं रौप्य पहिल्यांदाच. नंतर बातमी आली की ती फीड झोनमधून काही न घेता, काही दुरुस्त न करता तशीच गेली म्हणून तिला दंड झाला. ग्रुपवर दुपारभर त्याच्यावरून वाद, आमच्या पोरी आता फीड झोनच्या नियमांवर पंचांसारख्या बोलतात.

धाकटीच्या आईने कोचचा फॉर्म मागितलाय. बॅकग्राउंड चेक, कन्कशनचा ऑनलाइन कोर्स, आणि आधी एक सायकल. मी तिला म्हटलं, नवीन घेऊ नकोस, 29 इंची चाकांची साधी हार्डटेल, मागे सस्पेन्शन नसलेली सायकल, माझ्याकडे पडून आहे, सीट खाली करून देते, रविवारी ये.