लॅमिंग्टन रोडवरून सहा गेमिंग पीसी: एसएमपीएसचं लेबल वाचल्याशिवाय पाकीट उघडू नका

कोटेशनमध्ये ज्या वस्तूपुढे कंपनीचं नाव नसतं, तिथेच तुमचा खिसा कापला जाणार असतो. आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या कोटेशनमध्ये प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, सगळ्यांची मॉडेलं व्यवस्थित लिहिलेली होती. सगळ्यात खाली एक ओळ: '450 वॅट एसएमपीएस', म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. कुठल्या कंपनीचा, कुठलं मॉडेल, काही नाही. एकूण भाव मात्र इतका गोड की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या बाजारात, जायला मिरजेहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली.

आतेभाऊ मिरजेत गेमिंग कॅफे काढतोय. सहा मशीन, 1080पी मॉनिटर, पोरं खेळणार व्हॅलोरंट, सीएस 2, जीटीए 5 आणि फुटबॉल. पीसी जोडता येतो, बायोस उघडता येतो, अशांसाठीच हे लिहितोय. थर्मल पेस्ट किती लावायची ते इथे सापडणार नाही.

जायचं कसं, थोडक्यात. सीएसएमटीला उतरलात तर भुयारी मेट्रो 3 थेट ग्रँट रोडला नेते. दादरला उतरलात तर पश्चिम रेल्वेची स्लो लोकल. मॅपवर रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं दिसेल, घाबरू नका, तोच लॅमिंग्टन रोड. रविवारी जाऊ नका. दुकानं अकराच्या आधी नीट उघडत नाहीत, त्यामुळे गाडीतून उतरल्यावर चहा-नाश्त्याला भरपूर वेळ मिळतो.

आता मूळ दुखणं. काउंटरवर माल मांडला गेला, तेव्हा एसएमपीएसचा डबा हातात घेतला तर एखाद्या पार्ल्याच्या पुड्यासारखा हलका. बाजूचं लेबल वाचलं: 12 व्होल्टवर 16 अँपिअर. गुणाकार करा, 192 वॅट. आमचं ग्राफिक्स कार्ड आरएक्स 6600, ते एकटंच 132 वॅट मागतं. प्रोसेसर रायझन 5 5600 कागदावर 65 वॅटचा, पण पूर्ण ताणावर 76 पर्यंत जातो. झाले 208. फॅन अजून धरलेच नाहीत. हे दोन्ही भाग जगतात त्या 12 व्होल्टवरच. मग डब्यावरचे ते 450 वॅट कुठले? ते फक्त डब्यावरच.

वर त्या एसएमपीएसला कार्डाला लागणारी 8 पिनची वायरच नाही. दुकानदाराने ड्रॉवरमधून एक कन्व्हर्टर काढला, जुन्या हार्डडिस्कच्या मोलेक्स पिनेला जोडायचा. म्हणाला, "सब यही लगाते हैं, भाई." लावत असतील. दिवसाचे बारा-चौदा तास चालणाऱ्या मशीनमध्ये त्या बारीक वायरीतून ग्राफिक्स कार्डाचा करंट काढायचा म्हणजे पिना वितळायची वाट बघत बसणं आहे. एक एसएमपीएस जाताना मदरबोर्ड आणि कार्ड सोबत घेऊन जाऊ शकतो, आणि त्याची वॉरंटी मागायला परत मुंबईला कोण येणार?

चांगल्या कंपनीचा 550 वॅट, 80 प्लस ब्राँझवाला (वीज कमी वाया घालवतो याचं प्रमाणपत्र) साधारण साडेतीन-चार हजारांना बसतो. तो लोकल डबा सात-आठशेचा. सहा मशीनचा फरक काढला तर सतरा-अठरा हजार. म्हणजे कोटेशन स्वस्त का होतं, ते कळलं. डिस्काउंट कुणी दिलाच नव्हता, आमच्याच एसएमपीएसमधून कापून आम्हाला दाखवला होता. आम्ही तिथून उठलो. तुम्हीही उठा, लाजू नका, शेजारी अजून पन्नास दुकानं आहेत. आणि पुढच्या दुकानात पहिला प्रश्न एसएमपीएसचाच विचारा. 12 व्होल्टवर चाळीसच्या पुढे अँपिअर लिहिलेले असले तर बाकीची बोलणी करा. हा प्रश्न ऐकला की दुकानदाराचा सूरच बदलतो.

दुसरा झटका बिलाचा. फोनवरचा भाव बिनबिलाचा असतो, आणि ते फोनवर कुणी सांगत नाही. पैसे द्यायच्या वेळी हळूच विचारतात, "बिल चाहिए क्या?" हवं म्हटलं की वर 18 टक्के जीएसटी. सहा मशीनवर ही रक्कम बघून आतेभाऊ दोन मिनिटं गप्पच झाला. तरी बिल घ्याच, आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर लिहून घ्या. बिनबिलाची वॉरंटी म्हणजे दुकानदाराच्या मूडवर. कॅफेची नियमित जीएसटी नोंदणी असेल तर तो कर क्रेडिटमध्ये परत मिळतो, कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांची सोपी कर योजना) असाल तर मिळत नाही. फोनवर पहिलं वाक्य असं बोला: "जीएसटी पकडून, बिलासकट फायनल सांगा."

रॅमबद्दल काय सांगू. 2025 च्या शेवटापासून एआयवाल्या डेटा सेंटरनी मेमरी अशी ओढलीय की जुन्या यूट्यूब व्हिडिओतले भाव विसरा. आमच्या हिशेबाच्या दुपटीहून जास्त भाव ऐकला, आणि इथे दुकानदार खोटं बोलत नव्हता. तीन दुकानांत तेच. नव्या पिढीच्या डीडीआर 5 रॅमचा विचार तिथेच सोडला, जुन्या डीडीआर 4 वर राहिलो. 16 जीबीची एकच पट्टी स्वस्त पडते म्हणून गळ्यात मारतील. 8-8 च्या दोनच घ्या, ड्युअल चॅनेलचा, म्हणजे दोन पट्ट्या एकत्र चालण्याचा, फरक गेममध्ये दिसतो.

प्रोसेसरमध्ये 5600 संपलाय, 5500 घ्या, "सेम है" असं ऐकवतील. सेम नाही. 5500 ला एल 3 कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) 16 एमबी, 5600 ला 32, आणि सीएस 2, व्हॅलोरंटसारख्या गेमना कॅशची भूक मोठी. सीलबंद बॉक्सच घ्या, त्यात कूलरही येतो. ट्रे पीस, म्हणजे बॉक्सशिवाय सुटा, स्वस्त, पण कूलर नाही आणि वॉरंटीची भानगड. मदरबोर्ड ए520 पुरला. जुन्या स्टॉकमधला बी450 देत असतील तर बायोस तिथेच अपडेट करून मागा, जुना बायोस 5600 ओळखत नाही, नाहीतर घरी काळा स्क्रीन बघत बसाल.

ग्राफिक्स कार्डात नावांचा घोळ मुद्दाम केलेला वाटावा इतका आहे. आरटीएक्स 3050 दोन प्रकारची: 8 जीबीला 2560 कोअर, 6 जीबीला 2304, आणि मेमरीचा रस्ताही 128 वरून 96 बिटवर आणलेला. काउंटरवर दोन्ही '3050'च. आरएक्स 580 च्या नावाने 2048एसपी वाला माल फिरतो, तो खऱ्या 580 पेक्षा कमी ताकदीचा, शिवाय कित्येक कार्डं क्रिप्टो मायनिंगमध्ये घासलेली. 6500 एक्सटी तर ए520 वर लावूच नका. त्याला मदरबोर्डशी जोडणाऱ्या फक्त चार लेन, त्याही ए520 च्या जुन्या पीसीआयई 3 वर, त्यात मेमरी 4 जीबी. आमचा कौल आरएक्स 6600 ला, सहाही मशीनला.

'कोअर आय 5, 16 जीबी, गेमिंग पीसी बारा हजारात' असा बोर्ड दिसेल. आत जुना एच61 मदरबोर्ड आणि दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय 5, म्हणजे 2011-12 सालचा. विंडोज 11 वर व्हॅलोरंटला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट लागतं, ते या मशीनमध्ये मिळणार नाही. विंडोज 10 टाकू म्हणाल, तर त्याचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. कॅफेसाठी हे मशीन म्हणजे भंगार, बोर्डासमोर थांबूही नका.

दुसरा दिवस छान गेला, सगळं मिळालं, विशेष काही नाही.

पैसे पूर्ण देण्याआधी एक तरी सेट काउंटरवरच चालू करून बघा. कार्डांचे सिरीयल नंबर डब्यावर आणि कार्डावर जुळतात का तेही तपासा. याला दोन-तीन तास जातात, दुकानदार वैतागतो, वैतागू दे. रात्रीच्या गाडीचं तिकीट असेल तर चारच्या आत पैसे द्यायच्या तयारीत असायला हवं, घाईत माणूस कशावरही सही करतो. कार्डं, प्रोसेसर आणि रॅम हातातल्या बॅगेत, मदरबोर्ड आणि एसएमपीएस ट्रान्सपोर्टने. कॅबिनेट आणि मॉनिटर मुंबईतून आणण्याच्या फंदात पडू नका. आकार मोठा, वाचतात दोन-चारशे, आणि ट्रान्सपोर्टमध्ये एखादी काच फुटली की तेही गेले. ते सांगलीतच घ्या.