तुम्ही विचारलंत म्हणून: शनीवरचा माणूस

घरी कुणी नवीन आलं की भिंतीवरचा फोटो बघून हमखास विचारतं, "हा कुठल्या नाटकातला राजा?" डोक्यावर इजिप्शियन मुकुट, अंगात चमचमता झगा. सन रा. अमेरिकन जॅझवाला, मी शनीवरून आलोय, असं सांगायचा. मग पुढचा प्रश्न येतोच, "वेडा होता का हो?" आई तर एवढंच म्हणाली, "दुसरा ग्रह नाही मिळाला त्याला?"

वेडा नव्हता, चिडलेला होता. जन्म 1914चा, अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा, नाव हर्मन ब्लाउंट. काळ्यांना बसमध्येसुद्धा वेगळं बसवणारं शहर ते. 1942 साली सैन्यात जायला नकार दिला म्हणून तुरुंग बघितला. पुढे शिकागोत 1952 साली कायद्याने नाव बदललं: ले सोनीर रा. ब्लाउंट नावाचा माणूस कधी नव्हताच, असं म्हणायचा. आडनावावरून माणूस जोखणाऱ्या आपल्याकडे हे फोड करून सांगायला नको.

त्याच्या सिनेमातला एक प्रसंग मी पुन्हापुन्हा बघतो. चित्रण 1972चं, काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर संघटनेच्या ऑकलंडमधलं. (त्याच वर्षी, त्यांच्याच नावावरून मुंबईत दलित पँथर उभी राहिली.) पोरांच्या अड्ड्यावर हा झगा घालून हजर. पोरं खिदळतात, तू खरा कशावरून म्हणतात. हा शांतपणे सांगतो: मी खरा नाहीच, तुमच्यासारखाच. या समाजात तुम्ही तरी कुठे आहात? असतात, तर तुमच्या लोकांना समान हक्क मागावे लागले असते का?

पोरं गप्प होतात. मीही झालो होतो.

संगीत सगळंच गोड नाही हां; काही रेकॉर्डी मी अर्ध्यावर बंद केल्यात. पण फिलाडेल्फियातल्या एका घरात अख्खा बँड एकत्र राहायचा, वेळी-अवेळी तालीम चालायची, रेकॉर्डींची कव्हरं हाताने रंगवून विकायची. 1976मध्ये पार्लमेंट नावाच्या अमेरिकन फंक बँडने स्टेजवर अंतराळयान उतरवलं, त्याच्या कितीतरी आधीपासून ही मंडळी अवकाशातच होती. 'अ‍ॅफ्रोफ्युचरिझम' (म्हणजे काळ्यांचं भविष्य अवकाश-विज्ञानाच्या कल्पनांतून रंगवणं) हा शब्द अमेरिकन लेखक मार्क डेरी यांनी काढला 1993 साली. सन रा गेला तेही त्याच वर्षी.

बँड अजून चालू आहे. सॅक्सोफोनवाले मार्शल ॲलन 1958च्या सुमारास त्यात आले, 1995पासून तो सांभाळतायत. 2024मध्ये त्यांनी शंभरी गाठली. आईला सांगितलं, तर म्हणाली, "अगंबाई, आणि आपण साडेसातीला घाबरतो!"