सौर पंप आणि विहिरीचा तळ

कृषिपंपांना दिवसा वीज मिळावी, ही महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांची मागणी फार जुनी आहे. पंपाला लागणारा थ्री फेज पुरवठा एक आठवडा दिवसा, तर दुसरा आठवडा रात्री, अशा पाळ्यांनी वर्षानुवर्षे मिळत आला, आणि रात्रपाळी म्हणजे काय हे ज्याने पौषाच्या थंडीत, हातात बॅटरी घेऊन, उसाला पाणी देत दारे धरली आहेत त्यालाच ठाऊक. जुन्नरकडे त्यात बिबट्याची भर पडते. सापकिरडू सगळीकडेच आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये कोल्हापुरात शेतकरी नेते राजू शेट्टी यांनी धरलेले आंदोलन दिवसा दहा तास विजेसाठीच होते. म्हणून शेतीच्या वीजवाहिन्यांना (फीडरना) दिवसा सौर वीज देणारी २०१७ ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि सौर पंपांना अनुदान देणारी २०१९ ची केंद्राची कुसुम योजना यांचे स्वागत करताना मी हात आखडता घेणार नाही.

प्रश्न पाण्याचा आहे. आपल्या राज्याचा बहुतांश भाग काळ्या पाषाणाचा. त्यात पाणी साठते ते भेगांत आणि मुरमाच्या थरात, तेही मोजकेच. डिझेल इंजिनवाला प्रत्येक तासाचा हिशेब करतो, सौर पंपाच्या मालकाला मात्र भर दुपारी मोटर बंद करण्याचे काहीच कारण उरत नाही. विजेचे बिल तरी कुठे आवर घालत होते, असे कोणी विचारील, तर ते खरेच आहे, कारण एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज मोफतच आहे. आजवर उपशाला वेसण होती ती विजेच्या अपुऱ्या तासांची, आणि नेमकी तीच आता सुटते आहे. अर्थात याची दुसरी बाजूही आहे. आमच्या मामांच्या मोटरीला ऑटो स्विच होता. मध्यरात्री वीज आली की ती आपोआप सुरू व्हायची, मामा घरी झोपलेले आणि पाणी बांध फोडून ओढ्यात. दिवसा माणूस वावरात उभा असतो, वाफा भरला की दारे मोडतो, एवढी बचत नक्कीच होते. फक्त ती पुरेशी आहे असे मला वाटत नाही.

गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावी यावर एक उत्तर शोधले गेले. तिथल्या सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी संस्था काढली, पंप ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, जोडले, आणि उपसा करून उरलेली वीज ते २०१६ पासून वीज कंपनीला विकू लागले. वीज विकली तर पैसे, पाणी जास्त उपसले तर त्या पैशांवर पाणी, असा सरळ व्यवहार. आपल्याकडचे स्वतंत्र सौर पंप ग्रीडला जोडलेले नसतात. पावसाळ्यात पिकाला पाणी लागत नाही तेव्हा प्लेटा नुसत्या ऊन खात उभ्या राहतात. त्यावर पिठाची गिरणी किंवा कडबाकुट्टी चालवता येईल असा कंट्रोलर मिळतो, पण तो मी फार थोड्या ठिकाणी पाहिला.

वाहिनी योजनेत पॅनेल शेतकऱ्याच्या मालकीचे नसतात, वीज उपकेंद्राजवळच्या जमिनीवर कंपनी ते उभारते, त्यामुळे ढुंडीचा नमुना जसाच्या तसा लागू पडणार नाही. या योजनेसाठी पंजाबचा मार्ग अधिक जवळचा वाटतो: २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘पानी बचाओ, पैसे कमाओ’ योजनेत शेतकऱ्याला विजेचा ठरावीक कोटा देऊन न वापरलेल्या युनिटमागे ४ रुपये दिले जातात. अडचण मीटरची आहे. आपल्या लाखो कृषिपंपांची आकारणी अश्वशक्तीवर होत आली, आणि मीटर बसला की मागोमाग बिल येणार ही धास्ती काही निराधार नाही. म्हणून हा प्रयोग आधी हिवरे बाजारसारख्या, शेतीसाठी बोअर न घेण्याचा नियम पाळणाऱ्या आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडणाऱ्या गावांच्या वाहिन्यांवर करावा, आणि बचतीचे पैसे पहिल्याच हंगामात थेट खात्यावर जमा करावेत.