उद्यमनगरातली पंप-नोझलची खोली

आमची फर्म डिझेल इंजिनाच्या पंप आणि नोझलच्या कामावर उभी राहिली. पंप डिझेलला दाब देतो, नोझल ते इंजिनात फवारतो. टायर, पेंट, पंक्चर आम्ही कधी केलं नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तेव्हा ऑइल इंजिनांची कामं जोरात होती आणि त्यांच्याबरोबर सुमो, ट्रॅक्स, जुनी बोलेरो यांचे पंप यायचे. एका बाकावर पंपाचं माप तपासणारा कॅलिब्रेशन स्टँड, दुसऱ्यावर हाताच्या दांड्याचा नोझल टेस्टर. पंपाची खोली वेगळी. तिथं पंखा लावायचा नाही आणि सुती चिंधी वापरायची नाही, कारण तिचा धागा सुटतो.

हे नियम आमच्या पहिल्या भागीदारांचे. मिस्त्री म्हणूनच सगळे ओळखायचे. नोझलची नीडल तपासायची त्यांची रीत अशी: बॉडी आणि नीडल स्वच्छ डिझेलमध्ये बुचकळायची, बॉडी थोडी तिरकी धरून नीडल एक-तृतीयांश बाहेर ओढायची आणि सोडायची. आपल्या वजनानं सावकाश खाली गेली तर ठीक. अडखळली तर नोझल बाद, खडकन पडली तरी बाद. नीडल आणि बॉडीत दोन-तीन मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांशाची फट असते, ती डोळ्याला दिसत नाही. मग टेस्टरवर दाब मारायचा. चांगला नोझल कुरकुरतो, फवारा धुरासारखा निघतो आणि टोकाला थेंब राहत नाही. थेंब राहिला की पिस्टनच्या डोक्यावर खड्डा पडणार, हे इंजिन उघडायच्या आधीच कळतं.

पुढची बरीच वर्षं बरी गेली.

मग कॉमन रेल आलं, म्हणजे एकाच नळीत, रेलमध्ये, दाबून ठेवलेलं डिझेल सगळ्या इंजेक्टरना. इंजेक्टर म्हणजे नोझलसकट विजेवर उघडणारा भाग. इनोव्हा, डायकॉर सफारी, एमहॉक स्कॉर्पिओ, पाठोपाठ पिकअप आणि कॅम्पर. रेलमध्ये १६०० बार आणि वर दाब. हाताचा टेस्टर कोपऱ्यात गेला. गिऱ्हाईक इंजेक्टर काढून थेट पुण्याला पाठवायला लागलं. आम्ही कर्ज काढून कॉमन रेलचा बेंच बसवला आणि हप्ते सुरू झाले. मिस्त्रींनी वयामुळं त्याच सुमारास काम सोडलं.

नेमक्या त्या वेळी महामार्गाकडेला एक चकाचक दुकान उघडलं. तिथं इंजेक्टर दुरुस्तीपेक्षा जोर होता 'पॉवर वाढवून देतो' यावर. रेलच्या प्रेशर सेन्सरच्या वायरमध्ये एक डबी जोडायची, तासाभरात गाडी 'नाद खुळा'. ती डबी काय करते ते सांगतो, कारण अजूनही लोक विचारतात. ती ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, दाब आहे त्यापेक्षा कमी दाखवते. ईसीयू बिचारा दाब वाढवतो आणि तेवढ्याच वेळात डिझेल जास्त पडतं. हवा मात्र ती दाबून भरणारा टर्बो आणि थंड करणारा इंटरकूलर देतील तेवढीच. कागल रोडवर मजा येते. मागं ट्रॉली लावून करूळ घाट चढायला घेतला की ते जादा डिझेल उष्णता होऊन बसतं. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टन टिकतो तो खालून उडणाऱ्या ऑइलच्या फवाऱ्यामुळं आणि डिझेलचं माप बरोबर असल्यामुळं. माप बिघडलं की आधी काळा धूर, मग टर्बोचे व्हेन अडकतात, मग पिस्टनला भोक.

असली इंजिनं आमच्याकडे यायला लागली. कारण त्यांतल्या काहींचे इंजेक्टर आमच्या बेंचवर झालेले होते आणि त्या दुकानातून सांगितलं जायचं, 'उद्यमनगरच्या खोलीतल्या इंजेक्टरनी जाळलं.' डबी त्याआधी गुपचूप काढून घेतलेली असायची. आम्ही प्रत्येक इंजेक्टरची बेंचवरची छापील पट्टी दाखवायचो, पूर्ण लोडचं माप, आयडलचं माप, रिटर्न म्हणजे न फवारता टाकीकडं परत जाणारं डिझेल. मान डोलवून लोक जायचे आणि परत यायचे नाहीत. बाजारात कागदापेक्षा तोंड लवकर पोचतं. हप्ते थकले. जुना कॅलिब्रेशन स्टँड विकावा लागला. तो आम्ही आजही विसरलेलो नाही आणि ते बोलणंही.

त्या काळात एक गिऱ्हाईक हललं नाही. उचगावचे जनरेटरवाले अण्णा. लग्न, जत्रा, गणपती, जिथं वीज कमी तिथं त्यांची कॅम्पर आणि मागं सायलेंट जनरेटरची ट्रॉली. त्यांनाही डबी बसवायचा आग्रह झाला होता. ते म्हणाले, "मालक, मला घाट चढायचाय, शर्यत जिंकायची न्हाई." त्यांना कागदावर हिशेब मांडून दिला होता, तो इथं देतो. कॅम्पर, केबल आणि ट्रॉली मिळून चार टन धरा. पंधराला एक चढ, ताशी ३० वेग. चाकांवर साधारण ३६ हॉर्सपॉवर लागते. अडीच लिटरच्या इंजिनात तेवढी कंपनीनंच दिलेली आहे. तोच चढ ६० नं चढायचा म्हटलं तर दुपटीहून जास्त लागते. म्हणजे डबी विकत घेण्यापेक्षा एक गिअर खाली घ्या. उतरतानाही त्याच गिअरमध्ये, नाहीतर ट्रॉलीचं वजन ब्रेक शू जाळतं. अण्णांच्या ओळखीनं मंडपवाले, बोअरच्या कॉम्प्रेसरवाले, मालवणला बोट ओढून नेणारे एसयूव्हीवाले असे एकेक येत गेले आणि थकलेले हप्ते फिटले. डबीवाल्या एका गाडीचा भोक पडलेला पिस्टन आमच्या काउंटरवर आहे, त्या गाडीच्या सेन्सरच्या प्लगवर डबीच्या वायरचे कापलेले तुकडे अजून तसेच आहेत.

विषय निघालाच आहे तर ओढकाम करणाऱ्यांसाठी थोडं.

सकाळी थंड गाडी एका सेल्फात सुरू होते आणि जेवायला थांबून निघताना होत नाही, तर बॅटरी बदलू नका. गरम डिझेल पातळ असतं, झिजलेल्या इंजेक्टरमधून रिटर्नला जातं आणि रेलमध्ये सुरू होण्याइतका दाब बनत नाही. चारही रिटर्नला एकसारख्या बाटल्या लावा, आयडलवर ठेवा. एक बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली तर तोच इंजेक्टर. बसवताना कॉपर वॉशर नवाच, बैठक रीमरनं साफ आणि इंजेक्टरच्या डोक्यावरचा कोड ईसीयूत भरलेला पाहिजे. तीन लिटरच्या जुन्या फॉर्च्युनरमध्ये या वॉशरला हलकं घेऊ नका. तो गळला की जळलेला गॅस हेड कव्हरमध्ये जातो, ऑइल डांबरासारखं होतं, खालची जाळी तुंबते आणि इंजिन ऑइलविना बसतं.

चढाला दम तुटतो आणि धूर काळा, तर इंजेक्टरच्या आधी इंटरकूलरचे होज बघा. साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. गाडी चढावर तापते, सपाटीला थंड होते, तर फॅनचा व्हिस्कस क्लच. क्लच प्लेट घसरते की नाही ते तिसऱ्या गिअरमध्ये लोडसह कळतं, वेग वाढत नाही आणि आरपीएम वाढतो. ट्रॉलीच्या वजनातला दहावा हिस्सा हूकवर यावा. कमी आला की ट्रॉली शेपूट हलवते. आणि गाडीच्या पुस्तकात ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरचं वजन वेगळं लिहिलेलं असतं, ते वाचा. घाट चढून वर आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. दोन मिनिटं आयडल द्या, टर्बोच्या शाफ्टमधलं ऑइल जळून कोळसा होत नाही.

२०१९ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा बऱ्याच गाड्यांच्या टाक्यांत पाणी शिरलं. ज्यांनी सेल्फ मारला त्यांचे हाय प्रेशर पंप गेले, कारण त्या पंपाला वंगण डिझेलचंच असतं. पंपाचा चुरा मग रेल आणि चारही इंजेक्टर घेऊन गेला. ज्यांनी आधी टाकी उतरवली त्यांचा खर्च फिल्टरवर भागला.

एप्रिल २०२० पासून धुराचा नवा नियम बीएस सहा आला, डिझेलमधला गंधक १० पीपीएमवर आला आणि मागं डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवून जाळणारा फिल्टर. काजळी जळायला सहाशे अंशांच्या आसपास लागतात. ट्रॉली ओढून घाट चढणाऱ्या गाडीचा डीपीएफ सहसा तुंबत नाही. गावातल्या गावात फिरणाऱ्याचा तुंबतो, काजळी अर्धवट जळली की डिझेल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं. वाढलेलं ऑइल बघून खूश होणारे आमच्याकडं येतात.

अण्णांनी नवी बीएस सहा पिकअप घेतली आहे. त्यांना सांगितलं ते इतर जनरेटरवाल्यांनीही ऐकावं: जनरेटरच्या ड्रममधलं डिझेल त्याच कॅननं गाडीत घालू नका. ड्रमच्या तळाला पाणी आणि गंज बसलेला असतो. जुना जनरेटर तो पचवतो, कॉमन रेलचा इंजेक्टर पचवत नाही. गाडीचं डिझेल पंपावरच भरा आणि फिल्टरच्या खालचा पाण्याचा नळ पावसाळ्यात दर आठवड्याला उघडा.