आबांच्या कैदेची नोंद शोधायची तर

खानदेशातल्या कितीतरी घरांत 'आबा लढाईमा व्हतात' एवढंच ठाऊक असतं, आणि १५ ऑगस्टला फोटोला हार पडतो. एवढ्यावर उपकार फिटले असं मला वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धात आबा कुठे पकडले गेले, युद्धकैद्यांच्या कोणत्या छावणीत किती दिवस होते, हे घरात लिहिलेलं हवं.

सुरुवात सर्व्हिस नंबरापासून करा. तो डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौज सोडताना मिळालेल्या पुस्तिकेत सापडतो. नुसत्या नावावर शोध लागणं अवघड, कारण पाटील आणि महाजन ढिगाने, आणि छावणीची यादी करणारा कारकून इटालियन किंवा जर्मन. त्याने कानाला आलं तसं लिहिलं. पत्ताही जुन्या जिल्ह्यानेच बघा. १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले: अमळनेर, चाळीसगाव पूर्व खानदेशात, शिरपूर, शहादा, नंदुरबार पश्चिम खानदेशात. त्या काळच्या कागदात नंदुरबार जिल्हा कुठून सापडणार, तो १९९८ सालचा!

अर्ज जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला करता येतो. मराठा पलटणीत असतील तर बेळगाव, महार पलटणीत असतील तर मध्य प्रदेशातलं सागर, बॉम्बे सॅपर्समध्ये (फौजेतले इंजिनिअर) असतील तर खडकी. 'शीट रोल (सैनिकाचा सेवेचा कागद) नाही' असं उत्तर आलं तर तिथेच थांबू नका, लाँग रोलमधली, म्हणजे भरतीच्या मोठ्या यादीतली नोंद मागा.

पलटण कळली की तारखा जुळवता येतात. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन उत्तर आफ्रिकेत टोब्रुकला होती, आणि टोब्रुक २१ जून १९४२ रोजी पडलं. उत्तर आफ्रिकेत सापडलेले बरेच हिंदी सैनिक इटलीत आवेझानोच्या छावणीत, पी. जी. ९१ मध्ये होते (पी. जी. म्हणजे इटालियनमध्ये युद्धकैदी). सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्रं टाकल्यावर जर्मनांनी अनेकांना उत्तरेला, आपल्या छावण्यांत हलवलं. म्हणून एकाच माणसाच्या पत्रांवर दोन देशांचे शिक्के दिसले तर गोंधळू नका. सिंगापूरला, १५ फेब्रुवारी १९४२ रोजी जपान्यांच्या हाती सापडलेल्यांचं मात्र कठीण. जपानने युद्धकैद्यांबद्दलचा १९२९ चा जिनिव्हा करार मंजूरच केला नव्हता, नोंदी तुटक आहेत. जिनिव्हाच्या रेड क्रॉसकडे विचारता येतं, पण तिथे अर्ज ठरावीक काळातच घेतात.

पत्र पेन्सिलीचं असेल तर लॅमिनेशन अजिबात नको. उष्णतेने चिकटलेलं प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही. सेलोटेपही नको, पिवळा पडून कागद खातो. दोन्ही बाजू ६०० डीपीआयवर स्कॅन करा, कारण छावणीचा नंबर आणि सेन्सॉरचा शिक्का बाहेरच्या बाजूला असतो. अक्षर पुसट असेल तर बाजूने तिरपा उजेड पाडून फोटो काढा, पेन्सिलीचा दाब दिसतो. पत्र्याची पेटी धाब्याच्या छताखाली ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे तिथे भट्टी होते. आणि दिवाळीच्या साफसफाईत पदकं चिंचेने घासायची हौस आवरा. गोल पदकाच्या कडेवर नाव-नंबर कोरलेला असलाच, तर घासून घासून तोच आधी जातो.