न मिटणारं पुस्तक

दुपारी कपाट आवरत होतो, म्हणजे पुस्तकं इकडची तिकडे करत होतो. त्यात इंग्रज कवी साउदीने लिहिलेलं, ब्रिटिश आरमाराचा सेनापती नेल्सन याचं चरित्र हाती आलं. मूळ पुस्तक १८१३ चं. माझी प्रत बरीच नंतरची, आणि काही केल्या मिटत नाही.

कारण कुणीतरी तिचं पोट भरून ठेवलंय. लढायांची चित्रं, कप्तानांचे चेहरे, अधूनमधून एखादं पत्र. चित्र लहान असेल तर मोठ्या तावाला खिडकी कापायची, कडा तासून पातळ करायच्या आणि खळीने बसवायचं. बोट फिरवलं तरी सांधा लागत नाही. या नादाला नाव मिळालं जेम्स ग्रेंजर या इंग्लिश पाद्र्याचं. त्याने १७६९ मध्ये व्यक्तिचित्रांच्या छाप्यांची चरित्रवजा यादी छापली आणि लोक ती हातात धरून चित्रं गोळा करत सुटले. बिचाऱ्याने नुसती यादी केली होती! सदरलंड नावाच्या एका गृहस्थांनी इंग्लंडच्या यादवी युद्धाचा इतिहास असाच फुगवायला घेतला. ते १८२० मध्ये गेले, तर बायकोने काम पुढे चालू ठेवलं.

यासाठी दुसरी चांगली पुस्तकं फाडली जायची, म्हणून जाणकार या मंडळींवर चिडून असतात. मी गप्प बसतो. शाळेत असताना ताईच्या इतिहासाच्या पुस्तकातला घोड्यावरचा सेनापती कापून मी माझ्या पुस्तकात डकवला होता. घोड्याच्या पाठीमागच्या बाजूला एक तह होता, कलम तीन ते सात. ताईने पेपरात दोनच कलमं लिहिली. ते मार्क ती अजून माझ्याकडे मागते.

खरा जीव अडकतो तो सह्यांत. १७९७ मध्ये तेनेरिफ बेटावरच्या हल्ल्यात नेल्सनचा उजवा हात गेला. आधीचं अक्षर उजवीकडे कललेलं, नंतरचं डाव्या हाताचं, उभं आणि टोकदार. दोन्ही समोरासमोर लावली तर मधलं प्रकरण वाचायची गरजच नाही. अर्थात, माझ्या प्रतीत दोन्ही नाहीत.

आहे ती एक रिकामी खिडकी. तिथलं पत्र कुणीतरी कधीतरी काढून नेलंय. चार कोपऱ्यांत खळीचे पिवळे ठिपके तेवढे राहिलेत. समोरच्या पानावर मात्र जुन्या शाईची तपकिरी सावली उतरलीय, उलटी. आज दाढीचा आरसा आणून धरला. ‘आपला आज्ञाधारक सेवक’ एवढं लागलं. खाली नाव असणार, तिथे नुसता डाग आहे. पंधरा-वीस मिनिटं आरसा तिरका करून पाहिला. कप्तान असेल, नाहीतर कापड पुरवणारा.

पुस्तक परत ठेवलं. शेजारची दोन पुस्तकं काढल्याशिवाय ते कपाटात बसलं नाही.